लेखकांचे प्रश्न : छोट्या प्रकाशकाकडे पुस्तक देताना

छोट्या प्रकाशनसंस्थांविषयी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे सतत येत असतात. त्यांपैकी पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची आणि त्यांनी उल्लेखिलेल्या प्रकाशकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या काही वर्षांत दिवाळी अंकांतून आलेल्या माझ्या कथांचा संग्रह पुण्यातील एका नामवंत प्रकाशनसंस्थेकडे पाठवला, त्याला वर्ष उलटून गेले. दोनदा विचारणा करूनही उत्तर नाही. दरम्यान आमच्याच जिल्ह्यातील एका छोट्या प्रकाशकाने संग्रह वाचून, सहा महिन्यांत तीनशे प्रतींची आवृत्ती काढण्याची तयारी दाखवली आहे. माझ्याकडून ते पैसे मागत नाहीत. मात्र ‘छोट्या प्रकाशकाचे पुस्तक कपाटातच राहते’ असे स्नेही सांगतात. वाट पाहावी की पुस्तक देऊन टाकावे? (सांगली जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रात मोठ्या संस्थेचा नकार कुठेही नाही, आहे ते केवळ मौन. मराठीत हे मौन बहुतेक वेळा नकारच असतो. तो स्पष्ट कळवण्याची रीत आपल्याकडे पुरेशी रुजलेली नाही आणि त्यात लेखकाची वर्षे जातात. म्हणून आधी त्या संस्थेला चार ओळींचे नम्र पत्र लिहावे आणि अमुक तारखेपर्यंत निर्णय न कळल्यास हस्तलिखित मागे घेतले आहे असे समजावे, एवढेच कळवावे. तसे न करता संग्रह दुसरीकडे दिला आणि नेमका त्याच सुमारास पहिल्या ठिकाणचा होकार आला, तर दोन्ही ठिकाणी आपल्या शब्दाला बट्टा लागतो.

मोठी संस्था कथासंग्रह लांबणीवर का टाकते, हे समजून घेतले तर मनाला फारसे लागत नाही. तिला कार्यालय, गोदाम, पगार आणि दुकानांचे भाडे सांभाळायचे असते, आणि तो भार चरित्रे, अनुवाद, ऐतिहासिक कादंबऱ्या, आरोग्य आणि व्यक्तिमत्त्वविकास अशी पुस्तके उचलतात. नव्या नावाचा कथासंग्रह किंवा कवितासंग्रह तिने काढलाच, तर तो बहुधा संपादकाच्या हट्टामुळे निघतो, आणि असा हट्ट धरणारा संपादक प्रत्येक संस्थेत प्रत्येक काळात असतोच असे नाही.

छोटी प्रकाशनसंस्था म्हणजे व्यवहारात एक माणूस, फार तर दोन. हस्तलिखित निवडणारा, मुद्रिते तपासून घेणारा, चित्रकाराकडे मुखपृष्ठासाठी खेटे घालणारा, साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात गाळा घेऊन बसणारा आणि ग्रंथपालांना फोन करणारा माणूस तोच. तिचे जे काही चांगले आहे ते या एकाच गोष्टीतून येते आणि जे धोक्याचे आहे तेही याच गोष्टीतून येते. त्यामुळे ‘छोटा प्रकाशक चांगला की वाईट’ या प्रश्नाला माझ्या मते अर्थ नाही; आपल्यासमोर असलेला हा माणूस कसा आहे, हाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर थोड्या खटपटीने मिळवता येते.

त्यांनी अलीकडे काढलेली तीन-चार पुस्तके विकत घ्या (भेट मागू नका, दुकानात किंवा त्यांच्याकडे मागणी नोंदवून मिळतात का आणि किती दिवसांत मिळतात, हेही त्यातून कळेल). शुद्धलेखन पाहा, कारण मुद्रितशोधनावर खर्च करणारा प्रकाशक इतर बाबतींतही सहसा आळस करत नाही. शिवण की नुसती चिकटवलेली बांधणी, पाठपोट छपाईत मागची अक्षरे दिसतात का, अनुक्रमणिकेतील पृष्ठांक जुळतात का, हेही तपासावे. त्यांच्या यादीतील दोन लेखकांशी बोलून एकच प्रश्न विचारावा : हिशेबाचा कागद कधी आला? पुस्तक किती खपले हे विचारण्यात अर्थ नाही, ते लेखकाला बहुधा माहीतच नसते. शेवटी प्रकाशकांनाच विचारावे की संग्रहातील कोणती कथा त्यांना कमकुवत वाटली. या प्रश्नाला नेमके उत्तर देणारा प्रकाशक मिळाला, तर त्याने संग्रह वाचला आहे याची खात्री होते. सगळ्याच कथा अप्रतिम आहेत असे तो म्हणाला, तर संपादन होणार नाही एवढे गृहीत धरून पुढचा विचार करावा. संपादक श्री. पु. भागवतांच्या काळात मौज प्रकाशनाकडे गेलेल्या लेखकांना एकेका परिच्छेदावर चर्चा झाल्याचे आठवते. ती अपेक्षा आज फार थोड्या ठिकाणी पुरी होते, परंतु जिथे होते तिथे ती बहुतेक वेळा छोट्या संस्थेतच होते, असे माझे निरीक्षण आहे.

आता कपाटात राहण्याविषयी. स्नेह्यांची भीती निराधार नाही, फक्त तिच्यामागचे गणित पाहायला हवे. उदाहरणादाखल धरू की आपला संग्रह डेमी आकारात अकरा फॉर्म्यांचा, म्हणजे १७६ पानांचा आहे आणि किंमत २५० रुपये आहे. वितरकाला ४५ टक्के सूट दिली तर प्रकाशकाच्या हाती १३७ रुपये ५० पैसे उरतात. त्यातून दहा टक्के मानधनाचे २५ रुपये आणि कागद, छपाई, बांधणीचे ८० रुपये वजा केले तर प्रतीमागे साडेबत्तीस रुपये राहतात. तीनशेच्या तीनशे प्रती विकल्या तरी ही रक्कम पावणेदहा हजारच होते, आणि तिच्यातूनच अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि टपालखर्च भागवायचा असतो. शिवाय वितरकाकडून पैसे येतात ते उधारीने आणि न खपलेल्या प्रती परत येतात त्या कोपरे दुमडून. छापील पुस्तकावर जीएसटी नाही हे खरे. पण कागदावर आणि छपाईवर तो भरावा लागतो आणि पुस्तकच करमुक्त असल्याने त्याचा परतावा प्रकाशकाला मिळत नाही. तेच पुस्तक प्रकाशकाने स्वतः २० टक्के सवलतीने वाचकाला विकले, तर प्रतीमागे ९५ रुपये उरतात. छोटा प्रकाशक दुकानांच्या मागे न लागता प्रकाशनपूर्व सवलत, प्रदर्शने आणि थेट मागणी यांवर भर देतो, त्याचे कारण हे आहे. दुकानात पुस्तक दिसत नाही म्हणून ते विकले जात नाही असे नव्हे. परंतु प्रकाशकाकडे वाचकांची स्वतःची यादी नसेल आणि प्रदर्शनांना जाण्याची उमेदही नसेल, तर मात्र स्नेही म्हणतात तेच होईल.

ग्रंथालयांचा उल्लेख येथेच करायला हवा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली शासनमान्य झालेली आणि अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली ग्रंथालये गावोगावी आहेत, आणि त्यांच्या अनुदानातील ठरावीक भाग ग्रंथखरेदीवर खर्च होतो. तीनशे प्रतींची आवृत्ती संपवण्याचे सामर्थ्य या खरेदीत नक्कीच आहे. मात्र केवळ या खरेदीवर डोळा ठेवून काही प्रकाशक किंमत फुगवतात आणि ग्रंथालयांना भरघोस सूट देतात, त्यामुळे सामान्य वाचकाला ते पुस्तक घेववत नाही. आपल्या प्रकाशकांच्या यादीत दीडशे पानांना चारशे रुपये अशी किंमत वारंवार दिसली, तर त्यांचे पुस्तक कोणासाठी छापले जाते हे ओळखावे.

छोट्या संस्थेची बाजू घेताना अरुण कोलटकरांचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते खरेही आहे. त्यांची ‘जेजुरी’ ही इंग्रजी काव्यमालिका १९७६ साली कवींनीच एकत्र येऊन चालवलेल्या क्लिअरिंग हाउसने काढली आणि पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. त्याच वर्षी, १९७७ मध्ये, त्यांचा पहिला मराठी संग्रह अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने छापला, आणि २००३-०४ मध्ये ‘भिजकी वही’सह अखेरच्या काळातील संग्रहही प्रासनेच काढले. ‘भिजकी वही’ला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. यातून पुरस्कारासाठी मोठे नाव पाठीशी लागते हा समज खोटा ठरतो. तरीही उदाहरण देणारे एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे कोलटकर आणि शहाणे यांचा स्नेह लघुनियतकालिकांच्या दिवसांपासूनचा होता, आणि पुस्तकाची मांडणी कशी हवी हे कोलटकरांना स्वतःला एखाद्या कसलेल्या कलादिग्दर्शकाइतके कळत होते, कारण जाहिरातक्षेत्रात त्यांचे ते कामच होते. आपल्याला तसा प्रकाशक मिळेल असे गृहीत धरून चालत नाही. उलट श्रीरामपूरच्या शब्दालय प्रकाशनासारख्या संस्थांनी पुण्या-मुंबईबाहेर राहून गंभीर साहित्याची यादी उभी केली, हे उदाहरण आपल्या परिस्थितीला अधिक जवळचे आहे.

आपल्या पत्रातील तीन गोष्टी प्रकाशकांच्या बाजूने आहेत : त्यांनी संग्रह वाचला आहे, मुदत सांगितली आहे आणि पैसे मागितलेले नाहीत. वर सांगितलेली चौकशी समाधानकारक झाली तर संग्रह त्यांना द्यावा, असे मी म्हणेन. मानधनाचा विचार निर्णयात आणू नये. सगळ्या प्रती खपल्या तरी वरच्या हिशेबाने ते साडेसात हजार होते. जाता जाता, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिच्यासाठी हस्तलिखित अप्रकाशित असावे लागते, त्यामुळे त्या वाटेने जायचे असल्यास निर्णय आधीच घ्यावा लागेल. पुस्तक निघाल्यावर राज्य वाङ्मय पुरस्कारांतील प्रथम प्रकाशनाच्या गटासाठी प्रवेशिका वेळेत पाठवण्याची आठवणही आपणच ठेवावी; एकट्या माणसाच्या संस्थेत अशा तारखा निसटतात.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी धरणांच्या बांधकामावरील आठवणी लिहिल्या. एका छोट्या प्रकाशकाने पाचशे प्रतींसाठी साठ हजार रुपये मागितले आहेत. त्यात आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक), मुखपृष्ठ, ‘जागतिक वितरण’ आणि प्रकाशन समारंभ यांचा समावेश असून शंभर प्रती मला मिळतील. यात गैर काही आहे का? (नागपूर)

उत्तर : पैसे देऊन पुस्तक छापून घेण्यात गैर काहीच नाही. मराठीत ग्रंथकाराने स्वतःच्या खर्चाने ग्रंथ छापण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे आणि तिच्यातून थोर ग्रंथ निघाले आहेत. गैर आहे ते या व्यवहाराला प्रकाशन म्हणणे. प्रकाशक आपल्या पैशांची जोखीम घेतो. येथे जोखीम पूर्णपणे आपली आहे आणि ते आपल्याला मुद्रणाची व मांडणीची सेवा विकत आहेत. सेवा म्हणून तिची किंमत योग्य आहे का, एवढेच पाहायचे.

ते पाहण्यासाठी आपल्या हस्तलिखिताची पाने मोजून शहरातल्याच दोन मुद्रकांकडून, कागदाचे वजन आणि बांधणीचा प्रकार स्पष्ट लिहून, पाचशे प्रतींचे दरपत्रक मागवावे. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ यांचे दर स्वतंत्र घ्यावेत. अभियंत्याला निविदांची तुलना कशी करतात हे मी सांगण्याची गरज नाही. या बेरजेत आणि साठ हजारांत जो फरक येईल, तो कशासाठी द्यायचा हे मग लेखी विचारता येईल. आयएसबीएनसाठी रक्कम लावली असेल तर ती काढून टाकायला सांगावी. भारतात हा क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन राय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखकाला स्वतःच्या नावानेही घेता येतो. ‘जागतिक वितरण’ म्हणजे बहुधा संकेतस्थळांवर पुस्तकाची नोंद. नोंद झाल्याने विक्री होत नाही, तेव्हा त्या शब्दांपोटी एक रुपयाही देऊ नये.

खरी फसगत प्रतींच्या संख्येत होते. हल्ली डिजिटल छपाईमुळे पन्नास-शंभर प्रतीही काढता येतात. त्यामुळे पाचशेचे पैसे घेऊन दीडशे छापल्या, शंभर लेखकाला दिल्या आणि उरलेल्या ‘विक्रीसाठी’ ठेवल्या, असे घडले तर लेखकाला ते कळण्याचा मार्ग नसतो. यासाठी सगळ्या प्रतींवर आपली मालकी राहील असे लिहून घ्यावे, मुद्रकाच्या देयकाची प्रत मागावी आणि शक्य तर प्रती स्वतः ताब्यात घ्याव्यात. आपल्या विषयाचे वाचक अभियांत्रिकी महाविद्यालयांत, जलसंपदा विभागातील आजी-माजी सहकाऱ्यांत आणि धरणग्रस्तांच्या प्रश्नांचा अभ्यास करणाऱ्यांत आहेत. त्यांच्यापर्यंत आपण स्वतः पोहोचाल. हा प्रकाशक पोहोचणार नाही. आणखी एक गोष्ट सुचवतो. पैसे देण्याआधी हस्तलिखित एखाद्या अनुभवी संपादकाला मानधन देऊन वाचायला द्यावे. या साऱ्या यादीत संपादन कुठेच नाही, हे आपल्याही लक्षात आले असेल.

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. ई-पुस्तक स्वतः काढायचे आणि छापील आवृत्ती महाराष्ट्रातील छोट्या प्रकाशकाला द्यायची, असे चालते का? (न्यू जर्सी)

उत्तर : चालते, मात्र हे पहिल्याच पत्रात सांगावे. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ पासून येत आहेत, आणि परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकाला छापील प्रत मागवण्याचा टपालखर्च पुस्तकाच्या किमतीहून अधिक पडतो, त्यामुळे हे दोन वाचकवर्ग एकमेकांच्या आड फारसे येत नाहीत. तरीही काही प्रकाशकांना ई-पुस्तक आधी आलेले रुचत नाही. छापील आवृत्तीनंतर चार-सहा महिन्यांनी ते काढण्याचे मान्य केले तर बहुतेक जण तयार होतात. ई-पुस्तकासाठी प्रकाशकाने केलेले संपादन आणि मुखपृष्ठ वापरायचे असेल, तर त्याची परवानगी आणि मोबदला आधी ठरवावा.

प्रश्न : माझा दुसरा कवितासंग्रह एक छोटे प्रकाशक काढत आहेत. करार मागितला तेव्हा ‘आपल्यात कागदाची काय गरज?’ असे ते म्हणाले. आग्रह धरल्यावर ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ एवढ्या एका ओळीचा कागद पाठवला. संबंध बिघडू न देता काय करता येईल? (फोंडा, गोवा)

उत्तर : कागद नसणे आणि असा कागद असणे यांत आपल्यासाठी कागद नसणे अधिक सुरक्षित आहे, हे विचित्र वाटले तरी खरे आहे. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार कृतीचा पहिला हक्कधारक लेखक असतो, आणि कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असल्याशिवाय वैध ठरत नाही. तोंडी बोलण्यावर आपले हक्क जात नाहीत. अर्थात तोंडी व्यवहारात मानधनही सिद्ध करता येत नाही, म्हणून कागद हवाच, फक्त तो नीट हवा.

त्याच कलमात करारात काय असावे हे सांगितले आहे : कृती कोणती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. याहून उपयोगाची तरतूद अशी की, दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास तो रद्द झाला असे धरले जाते. समजा, आपण छापील आवृत्तीबरोबर श्राव्य पुस्तकाचा हक्कही दिला आणि प्रकाशकांनी त्याचे काही केले नाही, तर वर्षानंतर तो आपल्याकडे परत येतो. म्हणूनच काही छापील नमुन्यांत ‘ही तरतूद लागू होणार नाही’ असे एक वाक्य आत कुठेतरी असते; ते शोधून खोडावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करतेवेळी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय दिले जात नाहीत. आणि लेखक म्हणून नाव असण्याचा, तसेच कवितेची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा आपला अधिकार कलम ५७ खाली हक्क विकल्यावरही कायम राहतो.

प्रकाशकांना मात्र हे कायद्याच्या भाषेत लिहू नये. छोट्या प्रकाशकाला करार म्हणजे अविश्वास वाटतो, कारण तो घरच्यासारखा वागतो आणि तसेच वागवले जावे अशी त्याची अपेक्षा असते. आपण स्वतःच एक पानाचा मसुदा करून पाठवावा : पहिल्या छापील मराठी आवृत्तीचे हक्क पाच वर्षांसाठी, प्रतींची संख्या इतकी, मानधन छापील किमतीच्या इतके टक्के, हिशेब दरवर्षी एप्रिलअखेर, लेखकाला इतक्या प्रती विनामूल्य आणि त्यापुढील प्रती इतक्या सवलतीने, अनुवाद, श्राव्य, ई-पुस्तक आणि दृकश्राव्य रूपांतराचे हक्क लेखकाकडे. स्टोरीटेलसारख्या श्राव्य पुस्तकांच्या सेवा २०१७ मध्ये आल्यापासून श्राव्य हक्कांना किंमत आली आहे. कवितासंग्रहाला ती मिळेलच असे नाही, पण न वापरायचा हक्क देऊन ठेवण्याचे कारणही नाही. उलट प्रकाशक स्वतः अनुवादासाठी खटपट करणार असतील, तर त्या उत्पन्नात त्यांचा वाटा ठेवणे न्याय्य आहे.

मराठीपुरती एक अट अशी की, अंतिम मजकुराची युनिकोडमधील (कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतातील) फाइल लेखकाला मिळावी. अजूनही अनेक ठिकाणी अक्षरजुळणी श्रीलिपीसारख्या जुन्या संकेतप्रणालीत होते. दहा वर्षांनी पुनर्मुद्रण किंवा ई-पुस्तक करायचे ठरले, की त्या फाइलीतून मजकूर काढताना जोडाक्षरे आणि रफार विस्कटतात आणि सगळे मुद्रितशोधन पहिल्यापासून करावे लागते. आपण युनिकोडमध्ये मजकूर दिलेला असला तरी मुद्रितांवरच्या शेवटच्या दुरुस्त्या त्यात नसतात. गद्यात हे कसेबसे निभावते. कवितेत एका ओळीचा तुकडा खाली गेला तरी कविता बदलते.

प्रश्न : माझ्या कादंबरीचे प्रकाशक गेल्या वर्षी वारले. ते एकटेच संस्था चालवत होते. मुलांना प्रकाशनात रस नाही. सुमारे दोनशे प्रती त्यांच्या घरी पडून आहेत आणि माझ्याकडे करार नाही. दुसऱ्या प्रकाशकाला कादंबरी हवी आहे. मला ती देता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : लेखी करार नसेल तर हक्क आपल्याकडेच आहेत, हे वरच्या उत्तरात आले आहे, आणि नव्या प्रकाशकाला कादंबरी देण्यात कायद्याची अडचण दिसत नाही. तथापि पत्रव्यवहार शोधून पाहावा. ई-मेलमध्ये किंवा एखाद्या पावतीवर मुदतीचा अथवा हक्कांचा उल्लेख असेल, तर तो नव्या प्रकाशकाला दाखवून मगच पुढे जावे.

मुलांशी व्यवहार वेगळा आहे. छापलेल्या प्रती ही त्यांची मालमत्ता आहे. त्या रद्दीत जाण्यापूर्वी वाजवी दराने विकत घेण्याची तयारी आपण किंवा नव्या प्रकाशकाने लेखी कळवावी, कारण दुःखातून सावरणारी कुटुंबे घर आवरताना आधी पुस्तकांचे गठ्ठेच हलवतात. आजवरच्या मानधनाचा हिशेब राहिला असेल, तर प्रतींच्या किमतीतून तो वळता करून घेण्याचा प्रस्ताव ठेवावा. बहुतेक मुले तो आनंदाने मान्य करतात, कारण त्यांना वडिलांच्या वह्या वाचायच्या नसतात.

मुखपृष्ठाबाबत मात्र सावध राहावे. प्रकाशकाने मोबदला देऊन चित्र काढून घेतले असेल आणि चित्रकाराशी वेगळा करार नसेल, तर त्या चित्राचा हक्क कायद्याने प्रकाशकाचा, म्हणजे आता त्याच्या वारसांचा असतो. चित्रकाराने स्नेहापोटी विनामूल्य दिले असेल तर तो चित्रकाराचाच राहतो. म्हणून जुने मुखपृष्ठ वापरायचे झाल्यास वारस आणि चित्रकार दोघांचेही संमतिपत्र घ्यावे, किंवा नवे मुखपृष्ठ करून घ्यावे. जुळणीच्या फाइली अक्षरजुळणी करणाऱ्याच्या संगणकात असण्याची शक्यता मुलांकडे असण्यापेक्षा जास्त आहे. त्याचे नाव बहुधा आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर छापलेले असेल. त्याचे जुने देणे राहिलेले असू शकते. तसे असेल तर फाइलीची मागणी करण्याआधी त्याविषयी मुलांशी बोलून घ्यावे.

प्रकाशनाच्या वेळी ग्रंथ पाठवण्याच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणे कादंबरीच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसह ठरलेल्या अन्य तीन ग्रंथालयांना गेल्या होत्या का, हेही पाहता आले तर पाहावे. ही जबाबदारी प्रकाशकाची असते आणि एकट्याच्या संस्थेत ती अनेकदा राहून जाते. नवीन आवृत्ती निघाली की तिच्या प्रती पाठवल्याची पोच नव्या प्रकाशकाकडे मागून ठेवावी, आणि त्यांच्याशी करार करताना, संस्था बंद पडल्यास किंवा सलग बारा महिने पुस्तक उपलब्ध न राहिल्यास सर्व हक्क आपोआप लेखकाकडे परत येतील, हे कलम घातल्याशिवाय सही करू नये.